सेंटरिंग काढल्यावर

कोणीही आनंदाची बातमी घेऊन आलं की सर एकच वाक्य म्हणायचे, "सेंटरिंग काढल्यावर बघू." मला ऑफिसात बढती मिळाली तेव्हा मी पेढे घेऊन गेले होते. अख्खा पेढा तोंडात टाकून त्यांनी मला हेच ऐकवलं. मराठी मंडळातल्या एका बाईंच्या मुलाचं लग्न ठरलं, तर त्यांनाही भर स्नेहसंमेलनात हेच. त्या बाईंनी पुढे वर्षभर सरांशी बोलणं टाकलं, आणि सरांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

स्लॅब ओततात तेव्हा खालून फळ्या आणि लाकडी बल्ल्यांचे टेकू देऊन तो तोलून धरतात, त्याला सेंटरिंग म्हणतात. टेकू असेपर्यंत कुठलाही स्लॅब ऐटीत उभा असतो, खरं काय ते टेकू निघाल्यावर कळतं, असं सरांचं म्हणणं. त्यांचे वडील नागपुरात सेंटरिंगच्या कामावर मजूर होते. मुलगा शिकला, इंजिनिअर झाला, सिंगापूरला आला, पुलांचे आणि इमारतींचे आराखडे तपासण्यात त्याची नोकरी सरली, पण बोलणं मात्र बापाच्या साइटवरचंच राहिलं. ते कधी बदलावं असंही त्यांना वाटलं नाही.

बुटकी, काटक मूर्ती. शर्ट कायम पँटमध्ये खोचलेला, पट्ट्याला मोजपट्टी अडकवलेली, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. कुठेही गेले की आधी खांबावर बोटांनी टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे. बिशानच्या एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनवर एकदा मी त्यांना असं खांबाला कान लावलेलं पाहिलं आणि ओळख न दाखवता सरकत्या जिन्यावर चढले. आज त्याची लाज वाटते, तेव्हा सरांची वाटली होती. फॉल्स सीलिंगखाली ते जेवायला बसत नसत. वर काय लपवलंय हे कळत नाही तिथे घास कसा उतरेल, म्हणायचे. त्यामुळे त्यांच्याबरोबर जेवायचं तर खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरलाच, तेही पंख्याखाली, जिथून छताचा पत्रा आणि त्याला धरणाऱ्या लोखंडी कैच्या दिसतील अशा टेबलावर. कोपी ओ, म्हणजे बिनदुधाची कॉफी, मागवायचे, ती निवेपर्यंत छत वाचायचे, आणि मग थंडगार कोपी एका घोटात संपवायचे.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. पासिर रिसच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. घरात कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती आणि वडिलांचा फोटो, बाकी सगळी पुस्तकं आणि लाकडाचे तुकडे.

आमची ओळख रविवारच्या मराठी वर्गातली. बिशानच्या कम्युनिटी क्लबमधली एक खोली आम्ही दर रविवारी दहा ते बारा घ्यायचो. मी तिथे लहान मुलांना अक्षरं शिकवायचे आणि सर मोठ्या मुलांना शिकवायचे. मी मुळात अकाउंटंट. हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत आठवडाभर आकड्यांत डोकं घालून रविवारी अआइई करायचं, हा माझा विरंगुळा होता. माझी अकरा वर्षांची मुलगी सरांच्या वर्गात होती. वर्गात तेव्हा अकरा मुलं होती, आणि अकराच्या अकरा मुलं आईबापांनी ढकलून आणलेली होती.

त्यात मुलांचा दोष नव्हता. इथल्या शाळेत मातृभाषेचा पेपर असतो आणि त्याचे मार्क धरतात, पण त्या मातृभाषांच्या यादीत मराठी नाही. मग आमची मुलं हिंदी घेतात. कागदोपत्री त्यांची मातृभाषा हिंदी. शनिवारी हिंदीची ट्यूशन, शाळेत हिंदीची तोंडी परीक्षा, आणि रविवारी बिनमार्कांची मराठी. आम्ही पालक तरी काय, घरी मुलांशी मराठीत सुरुवात करतो आणि वाक्याच्या मध्यावर इंग्रजीत उतरतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

सर आले तेव्हा वर्गात एक जुनं पाठ्यपुस्तक चालू होतं. त्यात बैलावर दहा ओळी लिहा असा एक गृहपाठ होता. सरांनी पुस्तक मिटलं आणि मुलांना विचारलं की बैल कोणी पाहिलाय. कोणीच हात वर केला नाही. मग विचारलं, खांब कोणी पाहिलाय. सगळे हसले. त्या दिवसापासून सरांनी मोठ्या मुलांना मराठीतून इमारती शिकवायला घेतल्या, आणि इमारती म्हणजे तडक दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमच्या.

रोमच का, हे मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी कॉलेजातली एक गोष्ट सांगितली. नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांच्या प्रोफेसरांनी रोमच्या पँथिऑन या देवळाच्या घुमटाचे फोटो दाखवले. एवढा मोठा घुमट, मधे एकही खांब नाही, माथ्यावर उघडं गोल भोक, आणि इतकी शतकं जागचा हललेला नाही. सगळा वर्ग अवाक झाला. सरांनी हात वर करून विचारलं, "सर, याचं सेंटरिंग कोणी केलं?" वर्ग खो खो हसला. प्रोफेसर म्हणाले, तो आपला विषय नाही.

"आपलाच विषय होता ना ताई," सर मला म्हणाले. "तेवढा घुमट ओतायचा तर खाली लाकडाचं जंगल उभं केलं असंन कोणीतरी. घुमट राहिला, लाकूड गेलं, लाकूडवाले गेले. दारावर नाव कोणाचं, तर एका बड्या माणसाचं. आणि त्यानं बांधलेलं पहिलं देऊळ तर आधीच जळून गेलं होतं."

म्हणून त्यांच्या वर्गात एक नियम होता. कुठलीही इमारत कोणी बांधली असं विचारलं, तर मुलांनी राजाचं नाव सांगायचं नाही. "त्यांची नावं माहीत नाहीत," असं मराठीत म्हणायचं. मुलांना हे फार आवडलं, कारण उत्तर सोपं होतं आणि प्रत्येक वेळी तेच होतं.

पिशवीत त्यांच्याकडे लाकडी दगड होते. कोणीतरी टाकून दिलेलं कपाट उचलून आणून, त्यांच्या इमारतीच्या खालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर बसून त्यांनी ते तासले. शेजाऱ्यांनी भुशाची तक्रार केली, तशी दुसऱ्या इमारतीखाली जाऊन तासले. एका अंगाला निमुळते असे नऊ तुकडे, आणि खाली धरायला अर्धगोल फळी. फळीवर नऊ तुकडे मांडायचे आणि मग फळी काढून घ्यायची. नीट मांडले तर कमान उभी राहायची. वर्गात हे पहिल्यांदा केलं तेव्हा सहा वेळा पडली. सातव्यांदा उभी राहिली आणि पोरं बाकांवर चढून ओरडली, तेव्हा क्लबचा माणूस काय झालं म्हणून पाहायला आला.

मग त्यांनी एकेका मुलाला एकेक दगड दिला आणि प्रत्येक दगडाचं एकेक मराठी वाक्य बसवलं. दोन मुलं उरली, त्यांना फळी केलं. फळीचं वाक्य होतं, "आम्ही निघालो, आता तुमचं तुम्ही बघा." माझ्या मुलीच्या वाट्याला माथ्यावरचा चावीचा दगड आला. मी आपली आई म्हणून खूश, तर सरांनी मला तिथल्या तिथे जमिनीवर आणलं. चावीचा दगड काही मोठा लागून गेला नाही, तो फक्त शेवटी बसतो, म्हणाले. तरी तिचं वाक्य सगळ्यांत लांब होतं आणि ते तिने घरी स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये, लिफ्टमध्ये घोकलं. "कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला ढकलतो, म्हणून कोणीच पडत नाही." लिफ्टमधल्या चिनी आजी तिच्याकडे कौतुकाने पाहायच्या. इतकं लांब मराठी वाक्य माझ्या मुलीच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मंडळात मात्र कुरबूर सुरू झाली होती. एका मुलाने घरी आईला विचारलं, "मम्मी, तू काय करून राहिली?" आई कोथरूडची. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढ्या लांब परदेशात पोराला मराठी शिकवायची आणि ती अशी, असं तिने मंडळाच्या सेक्रेटरींना फोन करून सांगितलं. मीही पुण्याचीच. तिच्या बाजूने बोलले नाही, पण सरांच्याही बाजूने बोलले नाही. मनातून मलाही ते "करून राहिले" टोचायचं, हे खरं आहे. सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पोट्ट्याने मायले मराठीत प्रश्न विचारला ना? मग तिने उत्तर द्यावं."

खरं दुखणं वेगळंच होतं. पालकांना रविवारचा वर्ग हिंदीचा करून हवा होता. खोली तीच, वेळ तीच, पण हिंदी. तोंडी परीक्षेला उपयोग होईल. आमचे सेक्रेटरी बँकेत मोठ्या हुद्द्यावर, अतिशय गोड बोलणारे. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं की कोणालाच वर्ग बंद करायचा नाहीये, फक्त मुलांना काय येतं ते एकदा पालकांना दिसू दे. योगायोगाने तेव्हा शहरातल्या एका म्युझियममध्ये रोमन इमारतींचं प्रदर्शन बाहेरून आलं होतं. सर आधीच दोनदा पाहून आले होते. त्यांनी ठरवून टाकलं, मुलांना तिथे न्यायचं. पालकही यावेत, सेक्रेटरींनीही यावं. तिथे ठेवलेल्या पँथिऑनच्या अर्ध्या कापलेल्या मॉडेलपुढे मुलं मराठीत बोलतील, आणि मग ठरवा वर्गाचं काय ते.

चार महिने त्यांनी याच्यासाठी घातले. मी कधी कोणाला एखाद्या गोष्टीच्या मागे असं लागलेलं पाहिलं नाही. प्रदर्शनातल्या प्रत्येक वस्तूचं त्यांनी मराठी केलं, हाताने लिहिलं, झेरॉक्स काढल्या. पाणी वाहून नेणाऱ्या कमानींच्या रांगेला काय म्हणायचं यावर त्यांनी मला तीन दिवस फोन केले. शेवटी "पाण्याचा पूल" यावर आम्ही आलो. खांबांच्या टोप्यांवरची फुलं मात्र त्यांनी गाळली. त्यांच्याशी आपल्याला काय करायचं, म्हणाले.

म्युझियमचा फॉर्म भरायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. त्यांना ऑनलाइन फॉर्मांचा तिटकारा होता. मी तो ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत भरायला घेतला, एका हाताने सँडविच खात. त्यात लिहिलं होतं की या प्रदर्शनात गटाने यायचं तर म्युझियमचाच गाइड बरोबर असणार, आणि हॉलमध्ये तोच बोलणार. खाली भाषा निवडायची होती. इंग्रजी, चिनी, मलय, तमिळ, आणि मागणी असल्यास जपानी किंवा हिंदी. मराठी नव्हती, आणि असणार तरी कशी.

इथे मी थांबून सरांना फोन करायला हवा होता. फोन माझ्या हाताशी होता. ते म्युझियमवाल्यांशी भांडले असते, नाहीतर प्रदर्शनाऐवजी बाहेरच्या पायऱ्यांवर वर्ग घेतला असता. मी फोन केला नाही. माझ्या डोक्यात आलं की या भेटीनंतर आठवड्याभरातच मुलीची हिंदीची तोंडी परीक्षा आहे, अनायासे सराव होईल. मी हिंदीवर खूण केली आणि पाठवून दिलं. दोन मिनिटांचं काम. वर स्वतःची समजूत घातली की इंग्रजीपेक्षा बरं, निदान आपल्यातली तरी आहे.

त्या रविवारी आम्ही बिशानहून एमआरटीने निघालो. अकरातली सात मुलं आली होती. एकाला ताप, एकीला बॅले, दोघांच्या ट्यूशनच्या वेळा बदलल्या होत्या. नऊ दगड आणि मुलं सात, म्हणून सरांनी डब्यातच वाक्यं पुन्हा वाटली, फळी स्वतःकडे घेतली. त्यांच्या अंगात नवा इस्त्रीचा शर्ट होता. दर दोन स्टेशनांनी ते कोणाला तरी वाक्य म्हणायला लावत होते, आणि मुलं तोंडं वेडीवाकडी करत म्हणत होती. आजूबाजूचे प्रवासी फोनमधून डोकं वर काढून पाहत होते. पालक चौघं, सेक्रेटरी पाचवे, मी सहावी.

दारातच पिशवी अडली. लाकडाचे नऊ जड तुकडे पाहून सुरक्षेच्या माणसाने हसून मान हलवली आणि लॉकर दाखवला. सरांनी वाद घातला नाही. त्यांनी कमान लॉकरात ठेवली, किल्ली खिशात टाकली, आणि आत कमानी आहेतच की, असं मुलांना म्हणाले.

आणि मग समोरून गाइड आल्या. पन्नाशीच्या, लखनौकडच्या, सुती साडीतल्या, फार प्रेमळ बाई. हात जोडून म्हणाल्या, "नमस्ते बच्चों, आज हम सब हिंदी में रोम घूमेंगे।"

मी सरांकडे पाहिलं नाही. माझी हिंमत झाली नाही. मी समोरच्या तुटक्या खांबाकडे पाहत राहिले.

बाईंना दोष देण्यासारखं त्यांच्यात काहीच नव्हतं, हे सगळ्यांत वाईट. त्या सुरेख शिकवत होत्या. मुलांना प्रश्न विचारत, चुकलं तर हसत. आणि आमची मुलं, दर रविवारी एकेक शब्द दाताखाली धरून बसणारी ती मुलं, घडाघडा बोलायला लागली. रोजची शाळेची भाषा, तिचे मार्क होते. घुमटाच्या माथ्याला भोक का ठेवलं, वरचं काँक्रीट हलक्या दगडाचं का केलं, भोकातून पाणी येतं ते कुठे जातं, त्यांना सगळं येत होतं. येणारच. चार महिने सरांनी तेच शिकवलं होतं. बाईंनी विचारलं, यह किसने बनवाया, तर सातही जण एका सुरात म्हणाले, "उनके नाम मालूम नहीं।" पालक हसले. बाईंना क्षणभर कळलं नाही, मग त्यांनी मान डोलावली.

मॉडेलपुढे आल्यावर बाईंनी कमानीबद्दल विचारलं. सर मुलांच्या मागे उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. माझ्या मुलीने हात वर केला आणि पुढे झाली.

"मेहराब में हर पत्थर बगलवाले को धकेलता है," ती म्हणाली, "इसीलिए कोई नहीं गिरता।"

एकही चूक नाही. बाईंनी टाळ्या वाजवल्या, पालकांनी वाजवल्या, सेक्रेटरींनी तर व्हिडिओ काढला. सरांनीही वाजवल्या. टाळ्या वाजवताना त्यांचे हात छातीपाशी एकमेकांवर आले आणि तिथेच राहिले. बाई त्यांना म्हणाल्या, "सर, आपके बच्चे तो कमाल की हिंदी बोलते हैं।"

"हो," सर म्हणाले. "बोलतात."

त्या हॉलमध्ये त्या दिवशी बोललं गेलेलं मराठी तेवढंच.

बाहेर आल्यावर मुलांना भूक लागली होती. सेक्रेटरी सगळ्यांना बर्गर खायला घेऊन निघाले. निघता निघताच पालकांचं ठरूनही गेलं, मुलांची तयारी किती आहे पाहिलीत ना, आता रविवारी हिंदीच घेऊ या, पाया मजबूत आहे. सेक्रेटरी सरांना म्हणाले की सर, तुम्हीच घ्या, तुम्ही नागपूरचे, तुमची हिंदी उत्तम असणार. सर लॉकरपाशी परत गेले. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ते पायऱ्यांवर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पिशवी उघडली नव्हती.

माझी मुलगी मला एमआरटीत म्हणाली, "आय डिड वेल, राइट?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? दोन आठवड्यांनी तिला तोंडी परीक्षेत उत्तम मार्क मिळाले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी होते, आणि तो मी सँडविच खाता खाता झाले.

सर पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. काही महिन्यांनी कळलं की ते नागपूरला भाच्याकडे कायमचे निघालेत. मी पासिर रिसला गेले. पुस्तकं खोक्यांत भरलेली, कपाटावर वडिलांच्या फोटोची जागा रिकामी. त्यांनी मला चहा केला आणि नेहमीसारखा स्वतःचा निवू दिला.

मी माफी मागायला गेले होते, पण बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले. त्यांनी मला वडिलांबद्दल सांगितलं. सेंटरिंग काढायचं काम असलं की मालक, इंजिनिअर सगळे लांब जाऊन उभे राहायचे. पण शेवटची बल्ली काढणारा माणूस स्लॅबच्या खालीच असतो, त्याला दुसरीकडे उभं राहताच येत नाही. त्यांचा बाप आयुष्यभर तिथे उभा राहिला. लहानपणी सर डबा घेऊन जायचे आणि ते बघायचे.

मग मी सांगून टाकलं. फॉर्म मी भरला होता, हिंदी मी निवडली होती, परीक्षेसाठी. तुम्हाला विचारायला हवं होतं.

"मले माहीत होतं," सर म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"मेल मलेही आला होता ना. वर्गाचा पत्ता माझाच दिला होता तुम्ही. गाइड हिंदी, असं लिहून होतं. तीन आठवडे आधी."

"मग बोलला का नाहीत, सर? बदलता आलं असतं. मी रद्द केलं असतं."

त्यांनी कप खाली ठेवला. खिडकीतून समोरच्या इमारतीचे खांब दिसत होते, ते पाहत राहिले.

"मले वाटलं, ती हिंदीत विचारंन," ते म्हणाले, "आन् पोट्टे मराठीत उत्तर देतीन."

त्यांना ते तीन आठवडे, त्या सकाळी एमआरटीत, मॉडेलपुढे ओठ हलवताना, टाळ्या वाजेपर्यंत तसंच वाटत होतं. मला रडू आलं आणि ते त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. समजूत घातली नाही. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. निघताना त्यांनी ती कॅनव्हासची पिशवी माझ्या मुलीसाठी म्हणून दिली.

त्यालाही आता दोन वर्षं झाली. रविवारी त्या खोलीत हिंदीचा वर्ग भरतो, बावीस मुलं आहेत, यादी मीच ठेवते. सरांना मी अधूनमधून मेसेज पाठवते, निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. गेल्या महिन्यात मुलगी तिचं कपाट आवरत होती. आतून तिने ओरडून विचारलं, "मा, धिस वूड थिंग, कॅन थ्रो ऑर नॉट?"

मी धावत गेले. तिच्या हातात माथ्यावरचा दगड होता, तिचाच. तिला खूप काही सांगायचं माझ्या मनात होतं.

"नो," मी म्हटलं. "कीप इट."